हातात किती पडतात?

पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा लग्नाच्या बैठकीत कुणाचा मुलगा जर्मनीला गेल्याचं कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला. पॅकेज किती? पंचावन्न हजार युरो, असं उत्तर येतं. पूर्वी याला पंच्याऐंशीने, नव्वदने गुणायला मोबाइल काढावा लागे. २०२५च्या पावसाळ्यात युरो शंभर रुपयांच्या पुढे गेला आणि हिशेब शाळकरी पोराला जमेल इतका सोपा झाला. दोन शून्यं लावायची. पंचावन्न लाख! ऐकणाऱ्याच्या भुवया वर जातात आणि विषय तिथेच मिटतो.

स्टुटगार्टमधल्या मराठी घरांत हा प्रश्न मला कुणी विचारताना दिसलं नाही. तिथे नव्याने आलेल्याला विचारतात, ‘हातात किती पडतात?’ आणि पाठोपाठ, ‘भाडं वार्म किती?’ या दोन आकड्यांतलं अंतर कळलं, की माणूस महिन्याच्या वीस तारखेनंतर कसा जगत असेल याचा अंदाज सगळ्यांना आपोआप येतो.

स्टुटगार्ट निवडायला कारण आहे. मुंबई आणि हे शहर १९६८पासून भगिनी शहरं आहेत. इथल्या मोटार कंपन्या आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे कारखाने चाकण, नाशिकच्या औद्योगिक वसाहतींत घरचेच झालेले आहेत, त्यामुळे पुण्याचा इंजिनीयर इथे यायची वाट जुनीच आहे. आता तिला दुसरा फाटा फुटलाय. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारने, स्टुटगार्ट ज्याची राजधानी आहे त्या बाडेन-व्यूर्टेमबेर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार जणांचं उद्दिष्ट जाहीर झालं. त्यात परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर अशी कामं होती. म्हणजे यापुढे जर्मनीचं गणित फक्त कोथरूड-बाणेरच्या घरांत मांडलं जाणार नाही. ते लातूर, परभणी, चंदगडपर्यंत पोचेल, आणि तिथे दोन शून्यांचा हिशेब जास्त महागात पडेल. घर गहाण टाकून निघालेल्याला चुकायची मुभा कमी असते.

तेव्हा आधी ती पंचावन्न लाखांची पगाराची स्लिप उघडू.

मूळचा सांगलीचा एक इंजिनीयर, अविवाहित, वय तिशीच्या आत. ‘ताई, तुम्ही नावं टाकणार नसाल तर स्लिप दाखवतो,’ म्हणाला, आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. वर्षाला पंचावन्न हजार म्हणजे महिन्याला ४,५८३ युरो. त्यातून पेन्शनचे ९.३ टक्के जातात, ४२६ युरो. बेरोजगारी विम्याचे ६०. आरोग्य विमा सुमारे ३९०. म्हातारपणी कुणालातरी आपली शुश्रूषा करावी लागेल, त्यासाठीचा वेगळा विमा, त्यात मूल नसलेल्यांना थोडा जास्त दर, असे मिळून ११०. मग आयकर, सातशेच्या जरा आत. खाली उरतात साधारण २,९००. कंपनी या प्रत्येक विम्यात जवळजवळ तेवढीच भर घालते, पण ती आपल्या डोळ्यांना दिसत नाही आणि पाकिटात तर येतच नाही.

तरी हा एका कपातीतून सुटला. नगरपालिकेत पत्ता नोंदवताना धर्माचा रकाना असतो. तिथे कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट चर्चचं नाव असलं, तर आयकराच्या आठ टक्के चर्च कर या राज्यात कापला जातो. वसईचा एक तरुण श्रद्धेने खरं ते लिहून बसला आणि पहिल्या स्लिपवर तो रकाना बघून थक्क झाला. तक्रार नव्हती त्याची. ‘देवाला द्यायचे ते द्यायचेच, फक्त आधी सांगितलं असतं तर बरं,’ एवढंच त्याचं म्हणणं.

पंचावन्न हजारांत संसार असेल आणि बायको नोकरी करत नसेल, तर कराचा वर्ग बदलतो आणि हातात तीन-साडेतीनशे युरो जास्त येतात. सरकारी आरोग्य विम्यात बायको-मुलं वेगळा हप्ता न भरता सामावली जातात. मुलामागे महिन्याला सरकार पैसे देतं, २०२५ साली ते २५५ युरो होते. इथवर सगळं चांगलं. पण मग घर लागतं.

*

स्टुटगार्ट एका वाडग्यासारख्या दरीत वसलंय. मध्ये जागा नाही, भोवती द्राक्षांचे मळे चढत गेलेले. घरं कमी, मागणारे फार. एका जाहिरातीला शेकडो अर्ज येतात, आणि घरमालक अर्जासोबत तीन पगाराच्या स्लिपा आणि शूफाचा दाखला मागतो. शूफा म्हणजे आपल्या सिबिलचा जर्मन भाऊ. नुकत्याच उतरलेल्या माणसाकडे ना तीन स्लिपा ना शूफा. घर मिळाल्याशिवाय घरमालकाचं पत्र नाही, त्या पत्राशिवाय पत्त्याची नोंदणी नाही, नोंदणीशिवाय कर क्रमांक येत नाही, आणि तो वेळेत कंपनीला दिला नाही तर पगारातून सर्वांत चढ्या वर्गाने कर कापला जातो. जास्तीचा कर पुढे परत मिळतो, पण पुढे. पहिले दोन महिने बहुतेक जण या चक्रात सर्व्हिस अपार्टमेंट नावाच्या प्रकारात काढतात, आणि घरून आणलेले पैसे नेमके तिथे वितळतात.

घर मिळालं की भाड्याचे दोन आकडे समोर येतात. काल्ट हे नुसत्या जागेचं भाडं. वार्ममध्ये हीटिंग, पाणी, कचरा, जिन्यातला दिवा, इमारतीचा विमा हे सगळं धरलेलं असतं. वीज आणि इंटरनेट बहुधा वेगळंच. दोन खोल्यांचं, पन्नास-साठ चौरस मीटरचं घर शहरात वार्म बाराशेला मिळालं तर लोक अभिनंदन करतात. दोन खोल्या म्हणजे एक बैठकीची आणि एक झोपायची; आपल्याकडच्या वन बीएचकेला ते टू रूम म्हणतात, आणि जाहिरात वाचून खूश झालेला माणूस घर बघायला गेल्यावर दुसरी बेडरूम शोधत राहतो. डिपॉझिट कायद्याने काल्ट भाड्याच्या तिपटीहून जास्त घेता येत नाही. ते तीन हप्त्यांत देण्याचा हक्कही भाडेकरूला आहे. हा हक्क नव्याने आलेल्यांना सहसा ठाऊक नसतो आणि घरमालक आठवण करून देत नाही.

आणि स्वयंपाकघर नसतं.

हे मराठी माणसाला सांगूनही पटत नाही, म्हणून जरा सविस्तर. सांगलीच्या त्या इंजिनीयरने स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझन भागातल्या आपल्या घराचे पहिल्या दिवशीचे फोटो मला दाखवले. स्वयंपाकघर म्हणून जी खोली मिळाली तिच्यात भिंतीतून बाहेर आलेली पाण्याची दोन टोकं होती, सांडपाण्याचं एक भोक होतं आणि शेगडीसाठीचं जाड वायरीचं कनेक्शन होतं. ओटा नाही, सिंक नाही, कपाट नाही. छतातून प्रत्येक खोलीत दोन वायरी लोंबत होत्या. आधीचा भाडेकरू दिवेही काढून घेऊन गेला होता, कारण ते त्याचे होते. ओट्यासकट किचन त्याने विकायला काढलं होतं, अठराशे युरोंना. याने घासाघीस केली नाही म्हणून ते दुसऱ्या कुणाला गेलं की केली म्हणून गेलं, यावर नवरा-बायकोचं अजून एकमत नाही असं मी लिहिलं असतं, पण बायको त्याला अजून मिळायची आहे. तेव्हा दोष त्याचा त्याच्याच माथी. पुढचा दीड महिना त्याने जमिनीवर एक इंडक्शन प्लेट ठेवून, बाथरूमच्या बेसिनमध्ये भांडी घासत काढला. शेवटी वापरलेलं किचन स्वस्तात मिळालं, पण ते काढून आणायला गाडी, वर चढवायला मित्र, आणि शेगडीची वायर जोडायला इलेक्ट्रिशियन लागला. ती जोडणी स्वतः करायची नसते. आग लागली तर विमा हात वर करतो. इलेक्ट्रिशियन अर्ध्या तासात आला तसा गेला. बिल एकशे तीस युरो.

‘किचन दोनशेचं, जोडणी एकशेतीसची,’ तो म्हणाला. ‘तेव्हा मला जर्मनी कळला.’

मला वाटतं, या देशाच्या महागाईबद्दल याहून नेमकं मला कुणी काही सांगितलं नाही. इथे वस्तू महाग नाही. माणूस महाग आहे.

*

आल्डी किंवा लिडल या किराणा दुकानांत शिरलं की पहिल्यांदा आश्चर्यच वाटतं. लिटरभर दूध एक युरोच्या आसपास. किलोभर मैदा त्याहून कमी. बटाटे, कांदे, गाजर, पाव, दही, चीज, सफरचंदं, सगळं असं की एका माणसाची आठवड्याची पिशवी पस्तीस-चाळीस युरोत भरते. तेवढ्याच पिशवीला पुण्याच्या एखाद्या चकचकीत मॉलमध्ये काय पडेल याचा विचार केला, तर फरक वाटतो तितका मोठा नाही. भारतीय दुकानातलं सामान थोडं टोचतं. तूरडाळ किलोला तीन-चार युरो, कोथिंबिरीची जुडी दीड, कढीपत्ता सोन्याच्या भावाने. मेमध्ये हापूसची पेटी येते तेव्हा भाव विचारण्याआधी लोक बायकोकडे बघतात.

पण एकदा का मध्ये माणसाचा हात आला, की आकडा उडी मारतो. पुरुषाचे केस कापायचे वीस युरोच्या पुढे. रविवारी रात्री दार ओढलं गेलं आणि किल्ली आत राहिली, तर कुलूपवाला दोन-तीनशे घेऊन जातो. नळ गळत असेल तर प्लंबरचा येण्याजाण्याचा आकार वेगळा आणि तासाचा दर वेगळा. घरकामाला बाई ही कल्पना बहुतेक मराठी घरांतून पहिल्या सहा महिन्यांत नाहीशी होते. बाहेरचं जेवण दोघांचं चाळीस-पन्नासला बसतं. रस्त्यावरचा डोनर, जो विद्यार्थ्यांचा वडापाव आहे, तोही आता सात युरोचा झालाय. जर्मनीत लागू असलेलं किमान वेतन २०२५ साली तासाला १२.८२ युरो होतं आणि जानेवारी २०२६पासून ते १३.९० झालं. भांडी विसळणाऱ्यालाही त्याखाली राबवता येत नाही, आणि तो खर्च आपल्या ताटात येतो. याला मी तरी दुखणं म्हणणार नाही. आपल्याकडची स्वस्ताई कुणाच्या जिवावर उभी आहे हे इथल्या हॉटेलच्या बिलावर वाचता येतं.

मग माणूस स्वतःच सगळं करू लागतो. भिंतीला रंग देतो, कपाट जोडतो, सायकलचं पंक्चर काढतो, केस घरी कापतो. याशिवाय स्टुटगार्टला एक खास प्रकार आहे, केअरवोखे. श्वाबियन लोकांची ही जिनाझाडणीची पाळी. इतिहासकार तिची मुळं पंधराव्या शतकापर्यंत मागे नेतात. तुमच्या आठवड्यात दाराला एक छोटी पाटी अडकवली जाते. ती दिसली की त्या आठवड्यात जिना, तळघराचा बोळ आणि इमारतीसमोरचा पदपथ झाडायचा, जिना पुसायचा, आणि हिवाळ्यात सकाळी बर्फ लोटायचा. काम झालं की पाटी शेजाऱ्याच्या दाराला. स्टुटगार्टजवळ ब्यॉब्लिंगेनला राहणाऱ्या नाशिकच्या एका वहिनींनी सांगितलं, की पहिल्या वर्षी त्यांनी जिना मनापासून पुसला, तरी खालच्या मजल्यावरच्या आजीबाई येऊन कठड्याखालून बोट फिरवून गेल्या. ‘माझ्या सासूबाईंनी कधी असं केलं नव्हतं हो,’ वहिनी हसत म्हणाल्या. आता त्या स्वतः नव्या भाडेकरूंचा कठडा तपासतात.

या कामांना पैसे पडत नाहीत म्हणून ती खर्चाच्या कोणत्याच यादीत नसतात. पण नोकरी, जाणं-येणं, जर्मनचा क्लास आणि शनिवारची सगळी खरेदी (रविवारी दुकानं बंद, रिकाम्या काचेच्या बाटल्या कुंडीत टाकायलाही बंदी) यांत ती बसवायची असतात. पुण्यात ज्या घरात तीन माणसं हाताखाली येऊन जात, त्या घरातली बाई इथे तिघांचं काम करते. बाईच करते, हेही लिहून ठेवायला हवं. दोन-तीन घरं सोडली तर पाटी दाराला लागल्यावर झाडू कोण घेतं हे मी पाहिलंय.

*

स्टुटगार्ट विद्यापीठाचा फाइहिंगेन कॅम्पस दुपारी मराठी, तेलुगू, हिंदीने गजबजलेला असतो. जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांचा पहिला क्रमांक २०२२-२३मध्ये लागला, आणि २०२३-२४च्या सत्रात ही संख्या ४९ हजारांवर गेली. जर्मनीत शिक्षण फुकट, ही ओळ ऐकून यातली कित्येक मुलं आली. ती बहुतांशी खरी आहे, पण नेमकी या राज्यात नाही. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून बाडेन-व्यूर्टेमबेर्ग २०१७च्या हिवाळी सत्रापासून सहामाहीला १,५०० युरो फी घेतं.

व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधीच ठेवावे लागतात. सप्टेंबर २०२४पासूनचा हा आकडा आहे. महिन्याला त्यातून ९९२ युरो मोकळे होतात. शंभरच्या भावाने वर्षाचे जवळपास बारा लाख रुपये. एवढ्यात वर्ष निघतं असं सरकार मानतं, म्हणून घरचेही मानतात. नांदेडच्या एका मुलासोबत बसून मी वहीत महिन्याचा खर्च मांडला. तिघांच्या सामायिक फ्लॅटमधली खोली ५५०. विद्यार्थ्यांचा आरोग्य विमा १४५. प्रवासाचा सवलतीचा पास ४०. मोबाइल १०. किराणा २००, आणि त्यात बाहेर एकही जेवण नाही. रेडिओ-टीव्हीची वर्गणी घरटी १८.३६, टीव्ही असो वा नसो, तिचा तिसरा हिस्सा सहा. झाले ९५१. ‘बघा, बसतंय,’ तो म्हणाला. मग सहामाहीची फी आणि विद्यापीठाचा दोनशेच्या आसपासचा आकार महिन्यांत वाटला. २८३ युरो. बेरीज १,२३४. म्हणजे दर महिन्याला २४२ युरोचा खड्डा, आणि यात हिवाळ्याचं जॅकेट, पुस्तकं, आजारपण, घरी जायचं तिकीट काहीच धरलेलं नाही. २०२५च्या किमान वेतनाने हा खड्डा भरायला महिन्याला एकोणीस तास लागतात. नियम त्याला परवानगी देतो. मार्च २०२४पासून परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. काम मिळालं तर. गोदामात रात्रपाळी, हॉटेलात भांडी, सायकलवरून जेवण पोचवणं ही कामं मिळतात. आपल्या विषयातली विद्यार्थी-नोकरी पूर्वी या भागात सहज मिळे. मोटार उद्योगातल्या मोठ्या कंपन्यांनी हजारोंनी जागा कमी करायचं जाहीर केल्यापासून ती आटली आहे.

त्याचं शैक्षणिक कर्ज वडिलांच्या शेतावर आहे. व्याज सुरू झालंय. वडिलांना फोनवर तो कधी सांगत नाही, की प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि कॅन यांचे नगाला २५ सेंट परत मिळतात म्हणून फुटबॉलच्या सामन्यानंतर तो आणि खोलीतले दोघे पिशव्या घेऊन स्टेडियमच्या रस्त्याला जातात. काचेच्या बियरच्या बाटलीला आठच सेंट. ‘म्हणून काचेच्या उचलत नाही आम्ही, वजन जास्त.’

खासगी विद्यापीठात एजंटमार्फत आलेल्यांची दशा याहून वेगळी, आणि वाईट. त्यावर स्वतंत्र लेख लिहावा लागेल.

*

स्टुटगार्टजवळच्या एसलिंगेनमध्ये भेटलेल्या लातूरकडच्या सिस्टरशी बोलताना मला सरकारच्या त्या करारातलं सगळ्यांत अवघड कलम दिसलं, जे बहुधा कागदावर कुठे लिहिलेलंच नसेल. ती नर्सिंग शिकलेली, जिल्ह्याच्या ठिकाणी सहा वर्षं अतिदक्षता विभागात काम केलेली. इथे आल्या दिवसापासून परिचारिका म्हणून तिला पगार मिळाला नाही. पदवीची मान्यता येईपर्यंत आणि पुढची भाषा परीक्षा पास होईपर्यंत तिचं पद होतं मदतनीस. पगारही मदतनिसाचा. अंथरुणं बदलायची, अंघोळी घालायच्या, जेवण भरवायचं. इंजेक्शन द्यायचं नाही. ‘मॅडम, व्हेंटिलेटर लावणारे हात आहेत माझे,’ एवढं बोलून ती गप्प झाली, आणि मग स्वतःहूनच म्हणाली, की इथले म्हातारे मात्र तिला नावाने हाक मारतात आणि ड्युटी संपली की खरोखर संपते.

तिच्या करारात आणखी एक गोष्ट होती. तिच्या भाषाशिक्षणावर मालकाने केलेला खर्च ठरावीक वर्षांच्या आत नोकरी सोडली तर परत करावा लागणार होता. करार जर्मनमध्ये होता. सही केली तेव्हा तिला बस कुठून सुटते एवढं विचारता येईल इतकी जर्मन येत होती. मान्यता मिळाली त्या महिन्यात पगार वाढला, तेव्हा कुठे ती गावी पैसे पाठवू लागली. गावात मात्र ती पहिल्या महिन्यापासून ‘जर्मनीवाली’ होती, आणि धाकट्या भावाच्या कॉलेजची फी तिने उसने काढून भरली होती.

ड्रायव्हरच्या बाबतीत तर परवान्यावरच घोडं अडतं. भारतीय परवाना इथे सहा महिने चालतो. मग लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा नव्याने. ट्रक-बस चालवायला त्यावर वेगळी व्यावसायिक पात्रता लागते. साध्या मोटारीच्या परवान्यालाच ड्रायव्हिंग स्कूलचे तास धरून हजार-दीड हजार युरो सहज जातात. रोज घाट चढवणारा आपला ड्रायव्हर पहिल्या परीक्षेत नापास होतो तो बहुधा एकाच कारणाने: उजवीकडून येणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, हे हाताला-पायाला पटायला वेळ लागतो.

*

एवढं सगळं सांगून झाल्यावर मी प्रत्येकाला विचारलं, परत जाणार का? पंधरा-वीस वर्षं इथे काढलेल्या नाशिकच्या एका गृहस्थांनी उत्तर दिलं ते हिशेबाच्या भाषेतच. त्यांना मध्यंतरी मणक्याचं ऑपरेशन करावं लागलं होतं. रुग्णालयातल्या मुक्कामाचे दिवसाला दहा युरो त्यांच्या खिशातून गेले, बाकी बिल त्यांनी पाहिलंच नाही. आजारपणाचे पहिले सहा आठवडे कंपनीने पूर्ण पगार दिला, पुढे विम्याने बराचसा. नोकरी गेली तर, वर्षभर हप्ते भरलेले असले की, आधीच्या निव्वळ पगाराच्या ६० टक्के भत्ता मिळतो आणि मूल असेल तर ६७. एका तिकिटात (२०२५ साली ५८ युरो) महिनाभर देशातल्या कुठल्याही बस, ट्राम, लोकल गाडीत बसता येतं. मुलीचं शाळेचं शिक्षण फुकट झालं. ‘तिकडे पगारातून वाचवायचं आणि या सगळ्याला लावायचं. इकडे आधीच कापून घेतात. सरतेशेवटी बरोबरी होते का? माझी तरी झाली,’ ते म्हणाले.

त्यांच्या बायकोचा हिशेब तिने वेगळा सांगितला, नवरा चहा टाकायला उठला तेव्हा. ती बँकेत होती. इथे आल्यावर मूल झालं. वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला पाळणाघरात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क २०१३मध्ये आला. त्यांच्या गावात तेव्हा जागाच नव्हती. पुढे भाषा, मग पदवीची मान्यता, मग वय. आज ती एका दुकानात अर्धवेळ काम करते. आठ वर्षांचा तिचा पगार, बढत्या, भविष्य निर्वाह निधी, हे सगळं या स्थलांतराच्या खर्चाच्या बाजूला लिहायला हवं. मी ज्या घरांत गेले त्यांतल्या एकाही नवऱ्याने, विचारल्याशिवाय, ते तिथे लिहिलं नाही.

आणि दुसरा न लिहिलेला आकडा आई-वडिलांचा. मार्च २०२४नंतर पहिला परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना आई-वडिलांना इकडे आणून ठेवण्याची मुभा कायद्याने दिली आहे. कागदावर ही मोठी गोष्ट. अडचण येते ती त्यांच्या आरोग्य विम्याच्या अटीची. सत्तरीतल्या, मधुमेह असलेल्या वडिलांना इथली कोणतीही खासगी कंपनी परवडेल अशा दरात घेत नाही, आणि सरकारी विम्यात त्यांना आणता येत नाही. मग उरतो नव्वद दिवसांचा व्हिसा. तीन महिने आजी-आजोबा येतात, पाळणाघराचा प्रश्न सुटतो, ते जातात, प्रश्न परत उभा राहतो. रात्री-बेरात्री गावाहून फोन आला तर दुसऱ्या दिवशीचं तिकीट हजार-बाराशे युरोच्या खाली मिळत नाही. नोकरीला लागल्यावर सांगलीच्या त्या इंजिनीयरने पहिली गोष्ट केली ती अशी, की तेवढी रक्कम एका वेगळ्या खात्यात टाकून ठेवली. तिला तो हात लावत नाही. खात्याला नावही दिलेलं नाही.

त्याच्या २,९००चं मग काय होतं? भाडं बाराशे. वीज, इंटरनेट, पास, वर्गणी, किरकोळ विमे मिळून दोनशेच्या आसपास. जेवणखाण तीनशे. कपडे, बाहेर जाणं, औषधं, भेटी, वर्षातून एकदा भारतात जायचं तिकीट महिन्यांत वाटून अजून तीनशे. उरतात नऊशे युरो, नव्वद हजार रुपये. वाईट नाहीत. पण हे काही मोडलं नाही, कुणी आजारी पडलं नाही, आणि वर्षाअखेरीला हीटिंगचा हिशेब येऊन घरमालकाने फरक मागितला नाही, तर. २०२२च्या युक्रेन युद्धानंतर गॅसचे भाव चढले त्या हिवाळ्याचा हिशेब कित्येक घरांत हजारावर आला होता. पुण्यात वीस-बावीस लाखांवर असलेला, स्वतःच्या घरात राहणारा त्याचा मित्र महिन्याला जवळपास तेवढेच मागे टाकतो. दोघांनी हे एकमेकांना विचारलंय. घरी दोघांनीही सांगितलेलं नाही.

मी जर्मनीला जाऊ नका असं कुणाला सांगणार नाही. नांदेडच्या मुलालाही नाही. ज्याला यंत्रांत रस आहे त्याला इथे शिकायला मिळतं ते अन्यत्र कठीण आहे, आणि लातूरच्या सिस्टरला ज्या मानाने वागवलं जातं तो मान तिच्या जिल्ह्यातल्या रुग्णालयात तिला मिळत नव्हता, हे तिचेच शब्द आहेत. माझा राग आहे तो अर्धा आकडा सांगणाऱ्यांवर. एजंट तो सांगतो कारण त्याचं पोट त्यावर आहे. सरकारला तसं कारण नाही.

तेव्हा राज्य सरकारकडे मागणं एवढंच: जर्मनीतल्या नोकऱ्यांची जी जाहिरात निघेल तिच्यात एकूण पगाराशेजारी कापून हातात पडणारा पगार छापा, त्या गावातलं वार्म भाडं छापा, आणि मान्यता मिळेपर्यंत कोणत्या पदावर, किती पगारावर राहावं लागेल ते मराठीत छापा. आणि जाणाऱ्यांनो, करार जर्मनमध्ये असेल तर भाषेच्या क्लासमधल्या शिक्षकाकडून तो ओळीने वाचून घ्या; नोकरी सोडली तर किती परत करायचे आणि राहायची सोय कुणी, किती महिने करायची, ही उत्तरं लेखी आल्याशिवाय सही करू नका, कर्ज काढू नका.